साळवेकाकांनी लिहून घेतलेलं हमीपत्र

आमच्या कात्रपच्या सोसायटीत बायकोला नवऱ्यावर मोकळेपणानं डाफरायची सोय राहिलेली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या पाटीलवहिनी एकदा जिन्यातच नवऱ्याला म्हणाल्या, "आज भाजी विसरलात तर जीव घेईन तुमचा!" खालच्या मजल्यावरून शांत आवाज आला, "वहिनी, हे रेकॉर्डवर घेऊ का?"

हे साळवेकाका. कोर्टात तेहतीस वर्षं लोकांच्या साक्षी टाइप केल्या आणि निवृत्त झाले. पण कान अजून नोकरीवरच आहेत. तुम्ही सहज काही बोललात की काकांची बोटं मांडीवर टकटक करायला लागतात. "एकदा टाइप झालेलं खोडता येत नाही," असं त्यांचं म्हणणं. घरात काचेच्या कपाटात प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं संविधान, त्याखाली कायद्याची पुस्तकं आणि त्याखाली तिखटामिठाचे डबे. काकी गेल्यापासून तिन्ही खाती एकटेच सांभाळतात.

काकांचा सगळ्यांत लाडका कायदा मात्र विमानाचा. स्वतः कधी विमानात बसले नव्हते, तरी विमानतळाला खोटी धमकी दिली तर काय काय होतं हे त्यांना तोंडपाठ. कुठे बॉम्बच्या अफवेनं विमान उतरवल्याची बातमी आली, की काका दूधवाल्यालासुद्धा थांबवून सांगणार. "धमकी खरी असावी लागत नाही रे. खोटी असली तरी गुन्हाच. निनावी दिलीस तर त्याची शिक्षा वेगळी. उडतं विमान त्यापायी धोक्यात आलं तर जन्मठेपेपर्यंत जातं. आणि 'मी गंमत केली' हा बचाव नाही बरं का, तो कबुलीजबाब आहे!"

दूधवाला बिचारा चामटोलीहून मोटारसायकलवर येतो. तो म्हणायचा, "न्हाय देनार धमकी. पिशवी घ्या."

काकांचा मुलगा निखिल बंगळूरला असतो. काकी गेल्या त्या वर्षी तो म्हणाला, घर विका नि माझ्याबरोबर चला. काका म्हणाले, "जायचंय तर तू जा." तो गेला. सहा वर्षं दोघांत सणासुदीच्या शुभेच्छांपलीकडे शब्द नाही. आणि मार्चमध्ये एक दिवस निखिलचा मला फोन. "प्रदीपदादा, तुम्ही कंपनीच्या कामाला इकडे येताय ना? मला मुलगी झालीय. बाबांना घेऊन या. नाव त्यांनीच ठेवायचंय. एकटे ते येणार नाहीत."

मी काकांना निरोप दिला. त्यांची बोटं मांडीवर एकदाही हलली नाहीत. मग म्हणाले, "येतो. पण तुझं काय करायचं?"

प्रश्न रास्त होता. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात आहे आणि नको तिथे विनोद करणारा म्हणून तिथल्या तिन्ही पाळ्यांत प्रसिद्ध आहे. साहेबांच्या निरोप समारंभात मी माइकवर 'सुटले एकदाचे' म्हणालो होतो. साहेबांना वाटलं, त्यांच्याबद्दल म्हणालो. कोण सुटले ते बाकी सगळ्यांना बरोबर कळलं.

तेव्हा काकांनी एक हमीपत्र टाइप केलं. "मी, प्रदीप गणपत म्हात्रे, वय एक्केचाळीस, धंदा नोकरी, राहणार कात्रप, लिहून देतो की, मला विनोदाची जुनी खोड असून, विमानतळाच्या हद्दीत मी बॉम्ब, स्फोट व तत्सम शब्द उच्चारणार नाही." खाली माझी सही. त्याखाली 'जामीनदार' म्हणून काकांची.

सगळं ठीक झालं असतं, पण काकांनी सामानही कोर्टाच्या पद्धतीनं बांधलं होतं. सुनेसाठी डिंकाचे लाडू, नातीसाठी चांदीचे वाळे. दोन्ही जिन्नस पांढऱ्या कापडात घालून, दाभणानं शिवून, गाठीवर लाल लाखेची मोहोर. वर चिठ्ठ्या : 'वस्तू क्रमांक एक', 'वस्तू क्रमांक दोन'. थेट खुनाच्या खटल्यातला मुद्देमाल.

विमानतळावर तपासणीच्या यंत्रात लाडू ओळीनं गोल गोल दिसले, त्यांच्या शेजारी धातूची कडी. पट्टा थांबला. जवानानं गाठोडं उचललं, मोहोर बघितली. "ये क्या है? सील किसने किया?"

"मी केलं," काका ताठ उभे राहून म्हणाले. "नियमाप्रमाणे."

मागे रांग तुंबलेली. सगळे आमच्याकडे बघतायत. अशा वेळी माझ्या जिभेला जी खाज सुटते, तिला औषध नाही. मी हसत म्हणालो, "बॉम्ब है साहब, घर का बना हुआ!"

कोणीही हसलं नाही. मी वळून बघितलं, तर काकांनी डोळे मिटले होते.

पुढचं भराभर झालं. मला बाजूला घेतलं, लाडू फोडून तपासले, पोलीस आले. मी म्हणालो, "साहेब, गंमत केली." आणि म्हणता म्हणता आठवलं, की हा कबुलीजबाब आहे.

पोलीस अधिकाऱ्यानं काकांना विचारलं, "हे असं बोलले का?"

मी डोळ्यांनी विनवत होतो. काका म्हणाले, "होय. 'बॉम्ब है साहब, घर का बना हुआ.' शब्दशः." आणि वर खिशातून हमीपत्र काढून दिलं. मला वाचवायला. अधिकाऱ्यानं ते दोनदा वाचलं. "म्हणजे हा गुन्हा आहे हे यांना आधीपासून माहीत होतं?"

"काका!" मी ओरडलो.

"खोट्या साक्षी मी टाइप पुष्कळ केल्या," काका म्हणाले. "दिली एकही नाही."

माझं तिकीट रद्द झालं. काकांचे लाडू निर्दोष ठरले. अधिकारी म्हणाला, "आजोबा, तुम्ही जा. चाळीस मिनिटं आहेत अजून."

"जा काका," मी म्हणालो. "संध्याकाळी नाव ठेवायचंय. सहा वर्षांनी बोलावलंय त्यानं."

काकांनी दरवाज्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग हमीपत्रावरच्या आपल्या सहीवर बोट ठेवलं. "जामीनदार आहे मी," म्हणाले, आणि माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात आले.

तिथल्या बाकावर आम्ही दुपारपर्यंत बसलो. काका समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "निखिल गेला ना, त्या सकाळी मी फोन हातात घेऊन बसलो होतो. विमानतळाचा नंबर काढून. एक शब्द बोललो असतो, तर विमान दोनतीन तास थांबलं असतं. तेवढ्यात टॅक्सीनं पोचलो असतो. म्हटलं असतं, नको जाऊस."

"मग?"

"म्हटलं, शिक्षा नक्की किती ते बघावं. पुस्तक काढलं. वाचून होईपर्यंत विमान गेलं." त्यांनी चष्मा पुसला. "हे रेकॉर्डवर घेऊ नकोस."

संध्याकाळी माझ्यावर रीतसर गुन्हा नोंदवून मला जामिनावर सोडलं. जामीनदार कोण, ते सांगायला नको. तारखा अजून चालू आहेत आणि काका प्रत्येक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी हजर असतात. निखिलला त्या दिवशी मीच फोन केला, माझा पराक्रम कळवला. तो म्हणाला, "बाबा येईपर्यंत नाव थांबेल."

दुसऱ्या सकाळी काका एकटे गेले. मी त्यांना सोडायला विमानतळाबाहेर उभा होतो, तोंड घट्ट मिटून. या वेळी लाडू साध्या स्टीलच्या डब्यात होते.

दुपारी त्यांचा फोन आला. मागे बाळाचं रडणं.

"पोचलो. वाळे थोडे मोठे होतात. निखिलला सगळं सांगितलं. त्या फोनचंसुद्धा. आता रेकॉर्डवर घ्यायला हरकत नाही."

"काय म्हणाला तो?"

फोनवर काकांच्या बोटांची टकटक ऐकू आली.

"म्हणाला, विमानतळाला कशाला बाबा, मला करायचा होता ना फोन."