सकाळी मुंबई, संध्याकाळी दिघी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुमचे बाबा जहाजावर स्वयंपाकी आहेत. सकाळी ते मुंबई बंदरात एका पर्यटक जहाजावरून उतरणार आणि त्याच दिवशी, संध्याकाळी पाचच्या आत, दिघी बंदरात दुसऱ्या जहाजावर चढणार. वाटेत पेणला तुमच्या आत्याचं घर आणि रोह्याला तुमचं स्वतःचं! आठ महिन्यांनी भेटलेले बाबा, आणि तुमच्या वाट्याला आलेला एवढाच दिवस. जमेल का सगळं?

मिटलेत डोळे? आता उघडा. कारण आपल्या गोष्टीतल्या हैबतरावांना डोळे मिटून बसलेली माणसं अजिबात खपत नसत!

हैबतराव एकतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले तरी अंगातलं वेळापत्रक काही उतरलं नव्हतं. घरात भात शिजायला दोन मिनिटं उशीर झाला तरी ते कुकरकडे असे बघत, जणू तो ड्रायव्हर आहे आणि चहा पीत बसलाय.

"साडेदहाला पेण, साडेबाराला रोहा, साडेतीनला दिघी!" मुंबईच्या धक्क्यावर मुलगा नितेश उतरताच त्यांनी जाहीर केलं. "दीड तास हातात राखून पोचवतो तुला!"

"बाबा, पाचला गेट बंद होतं," नितेश म्हणाला. "उशीर झाला तर माझ्या जागी दुसरा स्वयंपाकी घेतील. मग पुढचे सहा महिने मी घरी."

"उशीर? हैबत्या असताना?"

नितेशची नऊ वर्षांची मुलगी सुरभी मागच्या सीटवर बाबाच्या दंडाला बिलगून बसली होती. सहा महिने घरी, हे ऐकून तिचे डोळे चमकले. पण आजोबांच्या चेहऱ्याकडे बघून तिने लगेच मान खाली घातली.

गाडी शेजारच्या उबेदची. तो कुवेतहून सुट्टीवर आलेला. माणूस शांत. शिट्टी वाजवत चालवायचा.

पेण वेळेवर आलं. अपेक्षाआत्या आणि तिचा नवरा अमोल दारातच उभे होते आणि तिच्या मागे तिच्या सासूबाई, म्हणजे हैबतरावांच्या विहीणबाई.

"दहा मिनिटं," हैबतराव उंबऱ्यातूनच म्हणाले.

"व्हय तर! लेकीच्या घरात दहा मिनिटं!" विहीणबाईंनी पाट मांडले. पोहे आले, घावणे आले, आणि पापडाचा एवढा मोठा गठ्ठा आला की जहाजावरच्या सगळ्या प्रवाशांना पुरून वर देवमाशालाही दोन देता आले असते. मग विहीणबाई म्हणाल्या, "पासपोर्ट आण रे बाबा. परदेशी निघालास. देवासमोर ठेवते."

पेणच्या घरात कागदसुद्धा देवाला विचारल्याशिवाय प्रवासाला निघत नाही! पासपोर्ट देव्हाऱ्यात गेला. त्यावर हळदकुंकू, अक्षता आणि वर एक सुपारी.

"निघताना मी घेतो आठवणीनं," हैबतराव म्हणाले. आणि घड्याळात बघून ओरडले, "साडेअकरा! चला, चला, चला!" त्यांनी अशा टाळ्या वाजवल्या की नितेश एका पायात चप्पल घालून धावला. पापड आले, बॅग आली, सुरभी आली.

पासपोर्ट तेवढा देवाजवळ सुखात राहिला.

रोह्याला घर आलं तेव्हा मालूआजी ओवाळायला ताट घेऊन उभी होती. नितेश उतरला, बॅग उतरवली, तिचा कप्पा चाचपला आणि जागीच थिजला.

"बाबा... पासपोर्ट?"

हैबतरावांनी कपाळावर हात मारला. पुढच्या क्षणाला ते गाडीत परत!

"अवो, आधी फोन तरी करा!" मालूआजी ओरडली.

"फोन करून पासपोर्ट येतो काय? उबेद, गाडी वळव!"

सुरभी अजून गाडीतून उतरलीसुद्धा नव्हती. खिडकीतून तिला बाबा दिसला, हात वर करून उभा. मग वळणावर तोही दिसेनासा झाला.

इकडे नितेशने पेणला फोन लावला. अपेक्षा म्हणाली, "दादा, घाबरू नको. अमोल आत्ताच रोह्याकडे निघालाय, धाटावच्या कारखान्यात दुसऱ्या शिफ्टला. पासपोर्ट त्याच्याच खिशात हाय. वाटेत देईल." नितेशने लगेच वडिलांना फोन केला. फोन वाजला, पण घरातच. हैबतरावांनी तो पहाटेच चार्जिंगला लावला होता, टीव्हीच्या मागे. उबेदचा नंबर तर कुवेतचा होता, इथे चालायचाच नाही.

नागोठण्याच्या पुलाजवळ समोरून एक मोटरसायकल आली. हेल्मेटातला माणूस दोन्ही हात हलवायला लागला. मोटरसायकल चालवताना दोन्ही हात!

"हा बघा आमचा जावई!" हैबतराव खूश झाले. "शिफ्टला चाललाय, तरी सासऱ्याला ओळख देतो. गुणाचा पोर!" आणि त्यांनीही खिडकीतून दोन्ही हात हलवले.

"आजोबा, काका थांबा म्हणतात वाटतं."

"नाय गो, त्याला उशीर होतोय. उगाच माणसाला खोळंबवू नये."

"चाचा, तो वळून मागे येतोय," उबेदने शिट्टी थांबवून सांगितलं.

"अरे, काहीतरी विसरला असेल घरी! आजकालच्या पोरांना आठवण म्हणून नाय. तू दाब!"

उबेदने दाबली. अमोलने दोन किलोमीटर पाठलाग केला, शेवटी त्याला शिफ्ट आठवली आणि बिचारा रोह्याकडे वळला.

पेणला विहीणबाई अंगणातच होत्या. सगळं ऐकून त्यांनी तोंडाला पदर लावला. "अवो, तो तर अमोलच्या खिशात गेला! आलायच तर चहा घ्या."

चहा न घेताच हैबतराव वळले.

रोह्याला पोचायला पावणेतीन. नितेश पासपोर्ट हातात धरून रस्त्यावरच उभा होता. हैबतरावांनी टीव्हीमागचा फोन खिशात टाकला आणि गाडी सुटली. तळा गेलं, म्हसळा गेलं. वळणावळणाला पापड उडत होते. हैबतराव घड्याळ बघत होते, नितेश रस्ता बघत होता, आणि सुरभी बाबाकडे. पाचला दहा कमी असताना गाडी दिघीच्या धक्क्यावर थांबली.

गेट उघडंच होतं. समोर समुद्रही होता. जहाज मात्र नव्हतं!

"गेलं?" हैबतरावांचा आवाज फाटला.

धक्क्यावरचा रखवालदार महिपती खुर्चीतून उठलाही नाही. "जाईल कसं? आलंच नाय. इंजिनात बिघाड. आता उद्या दुपारी. सगळ्यांना सकाळीच मेसेज गेलाय की! तुम्हाला नाय आला?"

"कुठला नंबर दिला होता, बाबा?" नितेशने हळूच विचारलं. या जहाजाचा फॉर्म वडिलांनीच भरला होता.

"माझा," हैबतराव पुटपुटले. "तुझे नंबर बदलत असतात म्हणून."

त्यांनी चष्मा लावला, फोन काढला. मेसेज तिथेच होता. सकाळी सव्वानऊचा.

उबेद बाजूला वळून खोकला. तो खोकला फारच हसरा होता.

आणि सुरभीने काय केलं, सांगू? तिने बाबाची चाकांची बॅग दोन्ही हातांनी धरली, गाडीच्या दिशेने तोंड केलं आणि खडखड खडखड करत सुसाट धावत सुटली. न जाणो, जहाज लवकर दुरुस्त झालं तर!

"अगो, सावकाश!" हैबतराव मागून ओरडले. "घाई कसली एवढी?"

सुरभीने वळूनसुद्धा पाहिलं नाही.