तंग, रिकीब आणि नवरदेव

घोडीच्या तंगाच्या पट्ट्याला सात छिद्रं होती आणि बक्कल तिसऱ्यात अडकवलेलं होतं. समता कॉलनीच्या रस्त्यावर नवरदेवाच्या पोशाखात उभ्या असलेल्या बुद्धभूषणनं ती दोनदा मोजली.

घोड्यांची त्याला लहानपणापासून भीती! साखरपुड्यात वडिलांनी, हिरालालांनी, घोडीची घोषणा केली तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण हिरालालांच्या स्वतःच्या लग्नात गावानं जात काढून त्यांना घोडीवरून खाली उतरवलं होतं. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? उद्या सांगू, परवा सांगू करता करता चार महिने गेले. तेवढ्या काळात त्यानं घोडीचं सगळं सामान पाठ केलं. पाठीवर खोगीर, ते पोटाशी आवळायचा तंग, पाय ठेवायची रिकीब, शेपटीखालून जाणारी दुमची! ज्याचं नाव ठाऊक आहे त्याची भीती वाटत नाही, असा त्याचा सिद्धांत होता.

घोडी फुरफुरली आणि सिद्धांत वितळला.

"तंग आवळताना घोडी पोट फुगवते," तो घोडीवाल्या तुळशीरामला म्हणाला. "थोडं थांबून परत आवळा."

"हव भैया, पट्टा टाइट है!" तुळशीरामच्या लेखी लगामापासून दुमचीपर्यंत सगळं पट्टाच होतं.

"काहून वेळ लावून राहिला रे पोट्ट्या? चढ!" हिरालाल गरजले.

तो चढला. बँड सुरू झाला. घोडीनं निवांत श्वास सोडला आणि खोगीर सरकलं. नवरदेव बाराच्या ठोक्यावर होता, तो दोनवर आला, तीनवर आला, आणि घड्याळाच्या काट्यासारखा शिस्तीत सहाकडे निघाला! बँडवाल्यांना वाटलं नवरदेव नाचतोय. त्यांनी ताल वाढवला!

"दादा, त्या लोखंडी कड्यातून पाय काढ!" बहीण निवेदिता ओरडली.

"रिकीब म्हणतात त्याला!" घोडीच्या पोटाखालून उत्तर आलं.

फेटा केव्हाच रस्त्यावर लोळत होता. चार जणांनी मिळून त्याला सोडवून उभं केलं. तुळशीरामनं खोगीर सरळ केलं आणि या वेळी तंग पाचव्या छिद्रापर्यंत ओढला.

"लागलं नाही ना? मग चढ पुन्हा," हिरालाल म्हणाले. आवाज दमदाटीचा होता, पण त्यांचा हात खोगिरावरून हळूहळू फिरत होता. तो काही तिथून निघेना.

बुद्धभूषणनं तो हात पाहिला.

"बाबा, मले घोडीवर बसायचंच नव्हतं. मी पायी चालतो. तुम्ही बसा."