एकावन्न किलोंचं डाएट

आमच्या पोलादपुरात जेवण सोडून वजन उतरवायची पावडर पिणारा पहिला माणूस म्हणजे उतेकरअण्णा. यात नवल एवढंच, की तेव्हा अण्णांचं वजन एकावन्न किलो होतं. उंची पावणेसहा फूट. अंगावर चिमटा काढायला जागा नाही, पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली तीन जादा भोकं, आणि हा गृहस्थ एका सकाळी ओट्यावर उभा राहून मला सांगतो, "दिगा, पोट सुटाया लागलंय. लोड कमी केला पायजे."

मी त्यांचा शेजारी. घराच्या पुढच्या खोलीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. माझं वजन साडेशहाण्णव. त्यामुळे 'पोट सुटलंय' असं कुणीही म्हणालं की ते मला उद्देशूनच आहे असं मी धरून चालतो, आणि बहुतेक वेळा ते असतंही. पण अण्णा स्वतःबद्दल बोलत होते. सदरा वर करून त्यांनी ते पोट मला दाखवलं. मी बराच वेळ शोधलं.

अण्णा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. उभी नोकरी आंबेनळी घाटात वर-खाली करण्यात गेली. गाडी सुटली, पण घाट काही सुटला नाही. कुणी रागावला की "इंजिन तापलंय, पाणी दाखवा." कुणाच्या घरी सून आली की "नवी गाडी हाय, क्लच सांभाळा." आणि सगळ्या प्रसंगांवर चालणारा, ताबा न सोडण्याचा एक उपदेश, "उतारावर न्यूट्रल नाय करायची." हे वाक्य त्यांनी बोहल्यावरच्या नवरदेवाला, दहावीला नापास झालेल्या पोरीला आणि एकदा कीर्तनकारबुवांनाही ऐकवलं आहे. बुवांनी मान डोलावली होती.

ही पावडर आली कुठून ते सांगतो. गणपतीला अण्णांचा मुलगा संजय मुंबईहून आला होता. त्याच्या बायकोची बाळंतपणाची रजा संपत आली होती, म्हणून जाताना तो आईला, म्हणजे आमच्या इंदूवहिनींना, पाच महिन्यांचा नातू सांभाळायला घेऊन गेला. स्वतःच्या पोटासाठी आणलेला पावडरीचा डबा मात्र इथेच विसरला. अण्णांनी चष्मा लावून डब्यावरचं अक्षर न् अक्षर वाचलं. चमचाभर पावडर, पेलाभर दूध, ढवळा आणि प्या. एका जेवणाची सुट्टी.

"दोन मिन्टांत काम खलास," अण्णा म्हणाले. "चूल नाय, कुकर नाय. धुवायचा तो येक पेला."

तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मी माझ्याच पोटाच्या विवंचनेत होतो. झालं असं, की माझ्या बायकोनं, सुनंदानं, हे ऐकलं. "तो हाडकुळा माणूस डाएट करतो, आणि तुम्ही?" एवढंच ती म्हणाली. आठ दिवसांत माझ्या दुकानातही तसलाच डबा आला. चॉकलेटच्या चवीचा.

डब्यावर लिहिलं होतं, जेवणाऐवजी घ्या. आता आमच्याकडे जेवण म्हणजे भात. भात पोटात गेला नाही तर माणूस जेवला असं आम्ही धरत नाही, मग त्यानं चार भाकऱ्या हाणलेल्या का असेनात. लग्नात वडे-सागुती चापून आलेला माणूसही घरी आल्यावर घासभर भात मागतो आणि त्याला कुणी हसत नाही. तेव्हा मी डब्याचा हुकूम तंतोतंत पाळला. भात बंद, त्या जागी पावडर. भाकरी, कालवण आणि तळलेला बांगडा यांना डब्यानं कुठेही मनाई केलेली नव्हती. तीन आठवडे मी हे कडक व्रत केलं आणि अडीच किलोंनी वाढलो.

वजन आम्ही दर सोमवारी भाताच्या गिरणीत करायचो. घरगुती काट्यावर अण्णांचा भरवसा नव्हता. "जो गोण तोलतो तोच खरा काटा." मी काट्यावर चढलो की गिरणवाला सवयीनं बारदानाचा अर्धा किलो वजा करायचा. मी कधी हरकत घेतली नाही. अण्णा उतरत होते. पन्नास, एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस. आकडा ऐकला की ते माझ्या पाठीवर थाप मारायचे, "घाबरू नको रे, जड गाडी सावकाश उतरते."

रोज दुपारी एक वाजता इंदूवहिनींचा व्हिडिओ कॉल यायचा. अण्णा फोन तांब्याला टेकवून बसायचे आणि घाटात समोरून येणाऱ्या गाडीला हाक मारल्यासारखे बोलायचे. दुकानात बसून मला सगळं ऐकू यायचं.

"जेवलात?"

"घेतलं गो," पेला उंच करून अण्णा म्हणायचे.

"वजन?"

"उतरतंय."

मग दोघंही हसायचे. मला एक गोष्ट मात्र जाणवायची. अण्णा चुकूनही 'जेवलो' म्हणत नसत. भात खाल्ला नाही तर जेवलो कसं म्हणायचं? बायकोशी खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. महिन्याभरात वहिनीही 'जेवलात?' सोडून 'घेतलंत?' असं विचारायला लागल्या.

थंडी पडली तेव्हाची गोष्ट. एका सोमवारी काटा सेहेचाळीसवर थांबला. गिरणवाला त्या दिवशी हसला नाही. अण्णा काट्यावरून उतरले आणि शेजारच्या गोणीला धरून थोडा वेळ तसेच उभे राहिले. "काय नाय, जरा ब्रेक लागला," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. इंदूवहिनी होत्या.

"भावजी, दुकानात कोण हाय काय?"

"कोणी नाही. बोला."

"ह्यांचं पोट कवा सुटलं हो? बेचाळीस वर्सं संसार केला, साठ किलो कधी झालं नाय त्यांचं. येकट्याचा भात लावाया हात उचलत नाय त्यांचा. ते सांगितलं तर मी उद्याच्या गाडीनं येन, हे त्यांना ठावं हाय. मी आले तर सूनबाईला नोकरी सोडाया लागंल. म्हणून हे पावडरीचं सोंग."

"मग तुम्ही त्यांना तसं सांगत का नाही?"

"काय सांगू? मला कळलंय असं बोलले तर मला यायाच लागंल. त्यापरीस मी वजन इचारते, ते सांगतात." मग वहिनी कामाचं बोलल्या. "काल सदरा बघितला त्यांचा. गळ्याशी चार बोटं शिरतील. भावजी, तुमचा डबा मोठा आसतो ना?"

माझा डबा मोठा असतो. सुनंदा कापडे गावच्या शाळेत शिकवते. सकाळी निघताना ती माझ्यासाठी चार पुडांचा डबा भरून ठेवते. भिंतीपलीकडचा माणूस तीन महिने अर्धपोटी आहे हे कळायला मला मुंबईहून फोन यावा लागला, आणि तेवढ्या काळात मी त्याच्याकडून डाएटचे धडे घेत होतो. स्वतःच्या देहाची मला आजवर अनेकदा लाज वाटली आहे, पण इतकी कधीच नाही.

खानावळीचा रस्ता अण्णांना बंदच होता. पोलादपुरात दुपारी खानावळीत कोण बसलं होतं, हे संध्याकाळच्या आत मुंबईला कळतं. आणि 'अण्णा, माझ्याकडे जेवा' म्हटलं असतं तर ते हसून पेला दाखवून मोकळे झाले असते. म्हणून बुधवारी पाऊण वाजता दुकान बंद करून मी डबा घेऊन त्यांच्या पडवीत गेलो आणि रडका चेहरा केला. तो मला फारसा करावा लागत नाही.

"अण्णा, मी वाढतोच आहे. बायको डबा कमी करत नाही, आणि मला अन्न टाकवत नाही. आता तुम्हीच सांगा काय करू."

अण्णांनी चारी पुडं उघडून पाहिली. सुनंदाला मी सगळं सांगितलं होतं. तिनं दोन पुडं भातानं भरली होती. अण्णा बराच वेळ भाताकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. त्यांना समजलं की नाही हे मला आजही माहीत नाही.

"घाटात ओव्हरलोड गाडी आडकली तर मागची गाडी काय करते, ठावं हाय?"

"काय?"

"निम्मा माल आपल्या गाडीत घेते. ड्रायव्हर लोकांचा कायदाच हाय तो." असं म्हणून ते आत गेले आणि दोन ताटं घेऊन आले.

आम्ही जेवायला बसलो. अण्णा सावकाश जेवत होते, गिअरमध्ये. एक वाजता फोन वाजला. मी तो तांब्याला टेकवून दिला.

"घेतलंत?" वहिनींनी विचारलं.

अण्णांनी इकडेतिकडे पेला शोधला. तो फळीवर उपडा होता. हात भातानं भरलेला. दाखवायला काहीच नव्हतं.

"जेवलो गो," अण्णा म्हणाले.

पलीकडे नातू काहीतरी आपटत होता. मग वहिनी म्हणाल्या, "आता वजन वाढंल की."

"वाढू दे." अण्णांनी ताटातला भात बोटांनी गोळा केला. एरवी घाटात हाक मारल्यासारखा लागणारा तो आवाज अगदी खाली आला होता. "पोर पायावर उभं राह्यलं की ये तू. घाई नाय. उतारावर न्यूट्रल नाय करायची."

'ये' हा शब्द तीन महिन्यांत मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. मी मान खाली घालून डब्याची झाकणं लावत बसलो. माझ्या वाट्याला एक भाकरी उरली होती आणि ती मला खाववेना.