पाईप काही तापेना

“आधी सेन्सर हाताने ओढून बघायचा, मगच बटण दाबायचं. समजलं?”

कारखान्यातल्या फोरमनने हे तीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं, तेही दुसऱ्याच कुणाला तरी. आपले इंजिनियरसाहेब तेव्हा शेजारच्या गोदामात पोती रचत होते! पण तेवढ्या ऐकीव विद्येवर निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या गॅलरीत बाटल्यांची प्लास्टिकची बुचं वितळवून दोरी काढायचं यंत्र उभं केलं. लोखंडी पाईप, आत फिरणारा स्क्रू आणि पाईपला गुंडाळलेली तापायची तार. ही तार बायकोच्या विजेच्या शेगडीतली. पाईपात खोचलेला सेन्सर आतली उष्णता आकड्यात दाखवणार आणि दोनशे अंश झाले की तार बंद करणार.

“रविवारी दोरी निघाली नाही, तर तार शेगडीत परत बसवीन आणि यंत्राचं नाव काढणार नाही!” असा शब्द त्यांनी दिला होता. बदल्यात, बटणाला हात लावणार नाही, असं बायकोकडून कबूल करून घेतलं होतं.

रविवारी वायरमन मेहुणा बघायला आला. बायको जपाला बसली होती. माळ पुरी होईपर्यंत ती बोलत नसे, अकरा वर्षांचा नेम. काही हवं असलं तर चिठ्ठी लिहून देई.

मेहुण्याला नीट दिसावं म्हणून साहेबांनी यंत्राचं टेबल गॅलरीच्या खिडकीशी ओढलं आणि बटण दाबलं.

“दोनशे अंश! आकड्यावरची नजर हलवू नका!”

आकडा बत्तीस. पाच मिनिटांनी बत्तीस. पंधरा मिनिटांनीही बत्तीसच!

“भाऊजी, याहून लवकर आमची आई तापायची.”

“उष्णता निसटतेय हो! गुंडाळा अजून!” पाईपवर जुन्या गीझरची काचेची लोकर चढली.

बायको माळ घेऊनच दारात आली आणि टेबलाखाली बोट दाखवू लागली.

“झाडू नंतर मार!”

तिने भावाची बाही ओढली. “थांब ताई, आकडा हलतोय का बघू दे.”

तिने कपाळावर हात मारला, ओट्यावरचा कागद घेतला, घाईघाईने काही खरडलं आणि नवऱ्यापुढे धरला. साहेबांनी पहिली ओळ वाचली. मीठ.

“मीठ? माणूस इथे शोध लावतोय आणि हिला मीठ सुचतंय!” कागद खिशात गेला.

तेवढ्यात पाईप खाकरला. काळा धूर निघाला आणि मागोमाग फस्सकन काळी पिचकारी मेहुण्याच्या नव्या बुटावर! घराचा फ्यूज उडाला. आकडाही विझला. बत्तीसवरच!

“एक शब्द बोलली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं?” साहेब कडाडले. “निदान बटण तरी बंद करायचंस!”

बायकोने शेवटचा मणी ओढला, माळ डोळ्यांना लावली आणि हळूच म्हणाली, “बटणाला हात लावायचा नाही, हे तुम्हीच कबूल करून घेतलंत. आणि शब्द तुमच्या खिशात आहे.”

साहेबांनी कागद उलगडला. वर वाण्याची यादी: मीठ. काडेपेटी. खाली एवढाल्या अक्षरांत: ‘सेन्सर पाईपातून निघालाय. टेबलाखाली लटकतोय. बंद करा!!’

मेहुण्याने टेबलाखाली वाकून पाहिलं. टेबल ओढताना निसटलेला सेन्सर खिडकीच्या वाऱ्यावर मजेत झुलत होता. गॅलरीतलं हवामान मात्र त्याने अगदी अचूक सांगितलं होतं.

पाईप निवेपर्यंत साहेब खाली जाऊन मीठ आणि काडेपेटी घेऊन आले. मग स्क्रूड्रायव्हर घेतला, शेगडी मांडीशी ओढली आणि पाईपवरच्या तारेचा पहिला वेढा सोडवू लागले.