गावंडे काकांचा हरवलेला पणजा

घर भाड्यानं देताना घरमालक काय विचारतात? नोकरी कुठं, माणसं किती, मटण-मासे करता का. रायपूरच्या गुढियारी भागातल्या गावंडे काकांनी यातलं काहीच विचारलं नाही. आम्हा नवरा-बायकोला समोर बसवलं, धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला आणि म्हणाले, "पणज्याचं नाव सांगा."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे. नवं राज्य होऊन चार-दोन वर्षं झाली होती आणि आम्ही नागपूरहून राजधानीत नोकरीला आलेलो. पिशवीत नेमणुकीचे कागद होते, आधीच्या घरमालकाची चिठ्ठी होती. पणजोबा तेवढे आणले नव्हते.

"यायले नाही येत तं तुमी सांगा, मॅडम."

मलाही येईना. आजोबांचं नाव आठवलं, तेही दारावरच्या पाटीमुळे. काकांनी मान हलवली आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले, "दोघंही एमए, अन् पणजा एकालेही नाही." वरचा मजला दिला, पण किल्ली देताना त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही दया होती की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रात्री आम्ही दोघांनी आपापल्या आयांना फोन करून पणजोबांची नावं विचारून घेतली. माझी आई म्हणाली, "कशाला हवंय? कुणी आजारी आहे का?"

पुढं कळलं की ही दया फक्त आमच्यासाठी राखीव नव्हती. बँकेतला कॅशियर, केस कापणारा, कुकरची शिट्टी दुरुस्त करणारा, सगळ्यांना तोच प्रश्न. एकदा डॉक्टर सुई टोचायला वाकले तेव्हा काकांनी दंड मागं ओढून विचारलं, "परदादा का नाम क्या, डॉक्टरसाहब?" डॉक्टर लाजले आणि सुई जरा जोरात टोचली. लग्नात तर काका नवऱ्या मुलाला गाठायचे. मुंडावळ्या बांधलेला तो बिचारा पोट्टा आधीच घामाघूम. त्यात सासरच्या शंभर माणसांसमोर पणजा आठवायचा. अशा वेळी मी हळूच आइस्क्रीमच्या रांगेत जाऊन उभी राहायची. हे आमचे घरमालक आहेत हे कुणाला कळू नये, एवढीच माझी प्रार्थना असे.

काकांची सगळी नोकरी रेल्वेच्या मालधक्क्यावर गेली. माल कुठून निघाला, कुठं उतरला, मध्ये कुठं अडकला, हे शोधण्यात जन्म काढला. निवृत्त झाले, काकू गेल्या, मुलगा पुण्याला स्थायिक झाला, आणि मग काकांनी तीच सवय स्वतःच्या पणज्याला लावली. पणज्याचं नाव सोनबा. वर्ध्याकडून बैलगाडीनं या मुलखात आला, कुठल्याशा गावात धानाची शेती केली आणि एक दिवस शेती सोडून रायपूर शहरात येऊन राहिला. एवढंच घरात माहीत होतं. बाकीचं काका पुरवायचे.

"सोनबानं गाव काहून सोडलं, माहीत आहे? इंग्रजानं सारा वाढवला. सोनबा म्हणे, घे तुही जमीन, मी नाही देत जाय. असा वाकला नाही तो कोनापुढं!" हे सांगताना काका स्वतःच इतके ताठ व्हायचे की खुर्ची करकरायची.

सोनबा जणू आतल्या खोलीत राहत होता. सोनबाले थंडा भात चालत नव्हता. सोनबाले दोडक्याची भाजी पाहून राग येत जाय. मी एकदा विचारलं, "काका, दोडक्याचं कागदात आहे?"

"नाही. अंदाज आहे."

"मग?"

"अंदाज हा कागदाचा लहान भाऊ असते, मॅडम."

बैठकीत, आमच्या जिन्याच्या वाटेवरच, त्यांनी एक जुना नांगरही आणून ठेवला होता. शेतावरून नव्हे, हॉटेलं सजवायचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या नडगीला तो नांगर लागलेला आहे. "लागला? सोनबाच्या काळातला आहे," असं काका कौतुकानं म्हणत आणि बाम आणून देत.

आठवड्यातून दोनदा ते सरकारी कचेरीत मिसल पाहायला जायचे. मिसल म्हणजे इंग्रजांच्या वेळी जमिनी मोजल्या तेव्हाचे कागद. इकडे जातीच्या दाखल्यासाठी ते लागतात, म्हणून तिथं गरजूंची गर्दी असते. एकदा मीही सोबत गेले. समोरच्या कारकुनानं अदबीनं विचारलं, "दादा, आपको किस काम के लिए चाहिए?" काका खणखणीत आवाजात म्हणाले, "मुझे मेरा परदादा चाहिए." सगळी रांग वळून बघायला लागली. एक बाई काळजीनं म्हणाली, "कब से गुम हैं?" मी ओढणी डोक्यावरून घेतली.

आणि एके दिवशी परदादा सापडला. काका जिना चढत, धापा टाकत वर आले. "नवागाव! सोनबा वल्द तुकाराम, नवागाव!" आता या मुलखात नवागावं पावलोपावली आहेत. काकांनी दोन चुकीच्या नवागावांत जाऊन तिथल्या लोकांना त्यांच्या पणज्यांची नावं विचारून हैराण केलं. तिसरं नवागाव रायपूरबाहेर बांधायच्या नव्या राजधानीच्या अंगाला होतं. बस जात नव्हती. "मॅडम, तुमची गाडी," काका म्हणाले. मी ऑफिसातून तशीच निघाले.

तिथंच घोळ झाला. गळ्यातलं सरकारी ओळखपत्र काढायचं मी विसरले होते. राजधानीसाठी त्या पट्ट्यातल्या जमिनी घेणं सुरू होतं, भाव रोज वर जात होते आणि कुठून कुठून आलेले वारस रोज उगवत होते. एक सरकारी बाई आणि हातात जुना कागद धरलेला म्हातारा गाडीतून उतरले म्हटल्यावर दहा मिनिटांत सगळा पारा, म्हणजे सगळी आळी, गोळा झाली. "मुआवजा खातिर आय हव का?" जमिनीच्या मोबदल्यासाठी आलात का, असं एकानं विचारलं. आवाजात गोडवा नव्हता. काकांनी घाईघाईनं सांगितलं की जमिनीचा तुकडाही नको, फक्त पणजा हवा. यावर तर कुणाचाच विश्वास बसला नाही. जमीन नको असलेला वारस त्या गावानं पाहिलाच नव्हता. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"सोनबा," काका पुन्हा म्हणाले. "सोनबा मराठा. बहुत स्वाभिमानी आदमी था."

गर्दीच्या मागून एक म्हातारी पुढं आली. बारीक, काटक, हातावर गोंदण. नाव सुकवारो. ती म्हणाली, "सोनबा? ओ तो मोर डोकरी दाई के ददा रिहिस." माझ्या आजीचा बाप.

काकांचा चेहरा असा उजळला की मी माझी लाज विसरले. पण ती बाई हसली नाही. तिनं आम्हाला आपल्या ओसरीवर नेलं, काशाच्या लोट्यातून पाणी दिलं आणि जे सांगितलं ते कुठल्या मिसलीत नव्हतं.

सोनबाला एक मुलगी होती. तिनं गावातल्याच एका छत्तीसगढी शेतकऱ्याशी आपल्या मनानं लग्न केलं. आपल्यातला नाही, आपली भाषा बोलत नाही. सोनबाची मान खाली गेली. त्यानं मालगुजाराला जमीन परत केली, बायको आणि मुलगा गाडीत घातला आणि निघाला. मुलगी पाण्याचा लोटा घेऊन वेशीपर्यंत गाडीमागं धावली. तो प्यायला नाही. पुढं त्या घरात तिचं नाव घ्यायची बंदी झाली. सारा नाही, इंग्रज नाही, काही नाही.

"तीजाच्या सणाला ती माहेरच्या माणसांसाठी रस्त्याकडे बघत बसायची म्हणे," सुकवारोनं तिच्या बोलीत सांगितलं. "मरेपर्यंत."

काकांनी एकही प्रश्न विचारला नाही. परतताना अर्ध्या वाटेत म्हणाले, "आपन तिच्या घरचं पानी पेलो, मॅडम. त्यानं नव्हतं पेलं." मी त्यांच्यावर इतके दिवस हसत होते, आता हसू कुठून आणू ते कळेना.

त्यानंतर काकांनी लोकांना नावं विचारणं सोडलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अंकल ठीक हैं न?" मी म्हटलं, ठीक आहेत. पण ठीक नव्हते. दुपारी जिन्याच्या पायरीवर बसून राहायचे. एकदा म्हणाले, "इतकी वर्षं सांगून राहिलो, माहा पणजा वाकला नाही, माहा पणजा वाकला नाही. पोट्टीच्या पुढं तरी वाकाले काय जात होतं त्याचं?" डोळ्यांत पाणी होतं. ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही. "लाज वाटते, मॅडम. कोनाले तोंड दाखवावं वाटत नाही."

मग पोळा झाला आणि तीजा आली. आपल्याकडची हरतालिका, पण इथं तिचा थाट वेगळा. बाप नाहीतर भाऊ सासरी जाऊन लेकीला घेऊन येतो, माहेरची साडी नेसवतो. म्हाताऱ्या, नवरा गेलेल्या बायकांनासुद्धा नेतात. त्या दोन दिवसांत आमची गल्ली भावांच्या मोटारसायकलींनी आणि मागं बसलेल्या बहिणींनी भरून जाते. काका वर आमच्या गॅलरीत बसून ते पाहत होते. मध्येच विचारलं, "त्या सुकवारोले कोन नेत असेल वो?"

मला माहीत होतं. तिनंच त्या दिवशी मला सांगितलं होतं. ती एकुलती एक, बापानं घरजावई आणला, म्हणून सासर नाहीच. जन्म झाला त्याच घरात राहिली. नवरा गेला, मूल नाही. तीजाला गावातल्या सगळ्या सुना माहेरी जातात, सगळ्या लेकी येतात, आणि ही आपली त्याच ओसरीवर. तिला कुणी न्यायला येण्याचा प्रश्नच नव्हता.

मी हे सांगितलं. काका उठून खाली गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे. इस्त्रीचा सदरा, काळी टोपी, दाढी घोटून केलेली. "मॅडम, गाडी आहे का? लुगडं घ्याचं आहे. रंग तुमी पाहा, मले नाही समजत." आयुष्यभर भाजीवाल्याशी मिरचीवरून भांडलेला हा माणूस त्या दुकानात घासाघीस करायचं विसरला.

वाटेत ते पुटपुटत होते. "दीदी, मैं आपका भाई. नाही, लय सिनेमासारखं वाटते. दीदी, हमसे गलती हुई. नाही, गलती तं लय लहान शब्द झाला." नवागाव येईपर्यंत त्यांनी दहा-बारा भाषणं केली आणि मोडली.

ओसरीवर सुकवारो तांदूळ निवडत होती. काका अंगणात जाऊन उभे राहिले. सगळी भाषणं गेली. लुगड्याची पिशवी उलटी धरलेली. तोंडातून एवढंच निघालं, "चाल ना वो."

तिनं वर पाहिलं. "मोला लेगे बर?" मला न्यायला?

काकांनी मान हलवली. ती सूप खाली ठेवून आत गेली आणि दार लोटून घेतलं. आम्ही उभे. बराच वेळ गेला. कोंबड्यांनी ते सूप जवळजवळ रिकामं केलं. काकांचा चेहरा पडत गेला. "चला मॅडम," ते हळूच म्हणाले. "कोन्या तोंडानं आलो होतो आपन."

तेवढ्यात दार उघडलं. केसांना तेल, कपाळ स्वच्छ, अंगावर नवं लुगडं नव्हतं, पण धुतलेलं, ठेवणीतलं. हातात एक बोचकं. तिनं दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि बोचकं काकांच्या हातात दिलं. मला वाटलं, आता गाडीत बसेल. पण ती गाडीवरून पुढं गेली आणि शेजारच्या घरासमोर उभी राहिली. "तीजा जाथंव ओ! मोर भाई आय हे लेगे बर." माझा भाऊ आलाय मला न्यायला. मग त्याच्या पुढच्या घरासमोर. मग त्याच्या पुढच्या. सगळा पारा ती दारोदार सांगत चालली, मागून बोचकं छातीशी धरून, मान खाली घालून काका, आणि त्यांच्यामागं बैलाच्या चालीनं माझी गाडी.

पाऱ्याच्या शेवटी ती गाडीत बसली. गाव संपतं तिथं तळं आहे. तळ्यावर बायका कपडे धुवत होत्या. तिनं माझ्या खांद्याला हात लावला. मी गाडी थांबवली. पण ती तोंड उघडायच्या आधी पुढच्या सीटवरच्या काकांनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि मालधक्क्यावरच्या आवाजात ओरडले, "बहिनी ल लेगे बर आय हंव!" मग आवाज खाली आला. "अब्बड देरी होगे." फार उशीर झाला.

बायका हसल्या. एकीनं ओल्या हातानंच रस्त्याकडे बोट करून धीर दिला, "होथे गा, होथे. रद्दा अब्बड खराब हे."