संकष्टीची प्रोसेको

रेल्वेचे ब्रेक शिकायला चंद्रशेखर देवस्थळी इटलीत अकरा दिवस राहिले. त्यातले दोन दिवस ब्रेक शिकले आणि नऊ दिवस प्रोसेको, म्हणजे तिथली बुडबुड्यांची वाइन! लखनौला मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये परतले ते एक बाटली आणि पोतंभर ज्ञान घेऊन. दूधवाल्यालाही सोडलं नाही.

"भैया, ये शॅम्पेन नहीं है. इसके साथ नमकीन चाहिए, तला हुआ चाहिए!"

"साहब, दूध एक लीटर कि डेढ़?"

पण ही बाटली साधी नव्हती, ती शिडी होती! सहा महिन्यांसाठी एका इंजिनिअरला इटलीला पाठवायचं होतं आणि नाव सुचवणार होते साहेब, हणमंतराव घोरपडे. दुसरा उमेदवार शरद, जो सरबतसुद्धा दारू नाही ना म्हणून हुंगून प्यायचा. चंद्रशेखरांनी साहेबांना रविवारी दुपारी सपत्नीक जेवायला बोलावलं.

"अहो, त्या दिवशी काही वार-बीर नाही ना?" त्यांच्या बायकोने, पद्माबाईंनी विचारलं.

"रविवार आहे! अजून कुठला वार हवा?"

तिथींचं मराठी कॅलेंडर चंद्रशेखरांनी स्वतःच भिंतीवरून उतरवलं होतं. त्या खिळ्यावर आता इटलीतल्या द्राक्षमळ्यांचं कॅलेंडर डोलत होतं. त्यात द्राक्षं होती, डोंगर होते, चतुर्थी नव्हती.

रविवारी सकाळपासून लाइट गेलेली. चंद्रशेखरांनी कुल्फीवाल्याकडून बादलीभर बर्फ आणून बाटली त्यात बसवली. चौकातून मटणाचे गलावटी कबाब आले, रोहू माशाचे तुकडे तळले गेले. टेबल असं सजलं की बाजूचं मांजर तासभर आधीच येऊन बसलं!

साहेब आले. मागून यमुनावहिनी आल्या, टेबल पाहिलं आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"अगंबाई! आज संकष्टी ना?"

चंद्रशेखरांचा चेहरा बादलीतल्या बर्फासारखा पांढरा पडला.

"आमचा दोघांचा उपास असतो," साहेब कबाबांकडे पाहत म्हणाले. एवढ्या दुःखाने माणूस निरोप समारंभातही बोलत नाही!

पद्माबाई मात्र हलल्या नाहीत. "बसा हो वहिनी. साबुदाणा भिजलेलाच आहे. आमच्याकडे कॅलेंडर नसलं तरी मला चंद्र मोजता येतो!" आणि त्यांनी कढई चढवली.

वड्यांचा पहिला घाणा आला. वहिनींचं लक्ष बादलीकडे गेलं.

"हे काय?"

"वाइन आहे," चंद्रशेखर पुटपुटले. "राहू द्या. उपासाला कशी चालेल?"

"कशाची असते?"

"द्राक्षांची."

"मग न चालायला काय झालं? द्राक्षं फळच ना?"

"पण ती आंबवलेली असतात, वहिनी!"

"ताक काय झाडाला लागतं? ओता!"

तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईपुढे कोण बोलणार! बूच निघालं, बुडबुडे उसळले. वहिनींनी एक घोट घेतला, वड्याचा एक तुकडा मोडला आणि डोळे मिटले.

"अहो," त्या साहेबांना म्हणाल्या, "घ्या. तेलकटपणा अस्सा धुऊन निघतो!"

"तेच तर, वहिनी!" चंद्रशेखरांना पुन्हा वाचा फुटली. "खारट, तळलेलं आणि वर हे बुडबुडे! इटलीत यावर..."

"तुम्ही गप्प बसा. पद्मा, अजून चार!"

दुसरा घाणा गेला, तिसरा गेला. साहेबांनी टाय सैल केला. आता विषय काढावा म्हणून चंद्रशेखर खाकरले. "सर, ते इटलीचं..."

"हो! तुमचंच नाव डोक्यात आहे."

"अजिबात नाही!" वहिनी गरजल्या. "देवस्थळी गेले की पद्माही जाणार. मग आमच्या संकष्टीला वडे कोण तळणार?"

साहेबांनी हातातल्या वड्याकडे पाहिलं, मग चंद्रशेखरांकडे पाहिलं. निर्णय वड्याच्या बाजूने लागला.

"खरंय. शरदलाच पाठवू. तो थेंबाला शिवत नाही, आपल्यासाठी आणेल त्या बाटल्या शाबूत तरी येतील!"

चंद्रशेखरांनी धीरासाठी स्वतःचा ग्लास उचलला. कोरडा! सगळ्यांना वाढता वाढता स्वतःला ओतायचं राहिलंच होतं. त्यांनी बाटली उलटी केली. बाटलीतून एक बुडबुडासुद्धा पडला नाही.