मार्तंडची न गळणारी टाकी

मार्तंडने हाती घेतलेली वस्तू धड पुरी झालेली घाटकोपरच्या त्या चाळीत कुणी पाहिली नव्हती. त्याने घडीचं टेबल केलं, त्याची घडी झाली ती झालीच, पुन्हा उलगडेना. थोरले भाऊ अण्णा मुलुंडहून आले की त्या टेबलाकडे बघून नुसतं "हं" म्हणायचे. हे "हं" मार्तंडला फार लागायचं. म्हणून रविवारी अण्णा जेवायला येणार असं कळल्यावर त्याने ठरवलं, की या खेपेला त्यांना माशांची टाकी दाखवायची, आणि तीही घरी केलेली.

तीन बाजूंना आणि तळाला आतून रंग दिलेलं प्लायवूड, समोर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक. अंधेरीच्या ज्या पाट्यांच्या कारखान्यात तो नोकरीला होता, तिथे एका दाताच्या डॉक्टरने नापसंत केलेली पाटी पडून होती, तीच त्याने समोर लावली. तिच्यावरची अक्षरं खरवडून निघाली, दाढेचं चित्र मात्र जाईना.

"राहू दे," मार्तंड म्हणाला. "मासे दाढेभोवती फिरतील. शोभा येईल."

त्याची बायको वसुधा भाजी निवडत राहिली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

मासे सोडण्याआधी टाकी गळते का ते बघणं आलं. शनिवारी पहाटे नळाला पाणी आलं तेव्हा वसुधा दुधाच्या केंद्रावर गेली होती. मार्तंडने नळाला रबरी नळी जोडली आणि टाकी काठोकाठ भरली. ती भरली आणि नळ फुसफुसून बंद पडला.

"पिंप कोरडं कसं?" वसुधाने आल्या आल्या विचारलं.

"पाणी टाकीत आहे."

"मग द्या काढून."

"हात लावायचा नाही हं. ही बघ, पेन्सिलीने रेघ मारलीय. उद्या अण्णा येईपर्यंत पाणी रेघेला राहिलं, तर टाकी पास."

"आणि तोपर्यंत आम्ही काय करायचं?"

"संध्याकाळी येईल की पाणी," असं म्हणून तो खूश होऊन दाढीला बसला, आणि दाढीपुरतं पाणी त्याने शेजारच्या प्रेमाताईंकडून मागून आणलं.

तो मासे बघायला बाजारात गेल्यावर वसुधाने टाकीत तांब्या बुडवला. संध्याकाळी पाणी आलं की रेघेपर्यंत पुन्हा भरून टाकू, असा तिचा सरळ हिशेब होता. एका तांब्याचा चहा झाला, दुसऱ्याचा भात. मग प्रेमाताई कळशी घेऊन आल्या. सकाळी दाढीला पाणी दिलेल्या बाईला नाही कसं म्हणणार? त्यांची कळशी भरली.

मार्तंड परत आला आणि चहाचा घोट घेऊन म्हणाला, "आज चहाला रंगाचा वास येतोय."

"दूधच तसं आलंय," वसुधा म्हणाली.

तेवढ्यात त्याचं लक्ष टाकीकडे गेलं आणि चहा राहिलाच. पाणी रेघेच्या चार बोटं खाली होतं. त्याने सगळे सांधे चाचपले. कोरडे. जमिनीला गाल लावून पाहिलं. जमीन लाकडी फळ्यांची होती, तीही कोरडी. म्हणजे पाणी फटीतून थेट खाली जात असणार, असं वाटून तो धावतच खालच्या मजल्यावर मधुकररावांकडे गेला.

"माझी टाकी गळतेय. तुमच्याकडे येतंय का?"

मधुकररावांनी वर पाहिलं, रेडिओवर रेक्झिन टाकलं, गाद्या बाहेर काढल्या आणि दारात छत्री घेऊन बसले. "माझ्या डोक्यावर तलाव बांधलान या माणसाने," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले.

संध्याकाळी पाणी आलं नाही. कुठेतरी मोठा पाइप फुटला होता म्हणे. वसुधाचा हिशेब कोसळला, आणि आता खरं सांगावं तर पंचाईत, म्हणून ती गप्प राहिली. तांब्या मात्र चालूच राहिला, कारण भांडी कुणासाठी थांबत नाहीत.

रविवारी सकाळीही नळ कोरडा. खालून मधुकररावांची हाक आली, पण सूर बदललेला होता.

"मार्तंडराव, कधी गळणार? बादल्या लावून बसलोय. हिने कपडे साबणात घालून ठेवलेत."

अण्णा आले तेव्हा टाकीच्या तळाशी वीतभर पाणी होतं आणि वर ती रेघ आणि दाढ. मार्तंडने मान खाली घातली. "गळतेय, अण्णा," तो कसाबसा म्हणाला.

अण्णांनी "हं" म्हणायला तोंड उघडलं. वसुधाला ते बघवेना.

"एक थेंब गळलेला नाही," ती म्हणाली. "मी उपसलं. कालपासून हे घर आणि प्रेमाताईंचं घर याच पाण्यावर चाललंय. तुम्ही आत्ता पाय धुतलेत ना, तेही यातलंच."

अण्णांनी टाकीच्या सांध्यावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग मार्तंडच्या पाठीवर थाप मारली. "झकास झालीय रे. मलाही एक करून दे. आमच्याकडेही पाण्याची बोंबच आहे. मासे कसले सोडतोस त्यात? फक्त खाली एक तोटी बसव, म्हणजे वाकून उपसायला नको."

मार्तंडचे डोळे भरून आले. माशांचं स्वप्न त्याने जागच्या जागी सोडून दिलं. जेवण होताच त्याने उरलेलं पाणी बादलीत उपसलं, गिरमिट काढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा केलेल्या न गळणाऱ्या वस्तूला स्वतःच्या हाताने भोक पाडून तोटी बसवली. मग पाणी परत आत ओतलं. अण्णा कौतुकाने बघत होते.

थोड्या वेळाने खालून मधुकररावांचा तृप्त आवाज आला.

"सुरू झालं बरं का, मार्तंडराव. धार बारीक आहे, पण चालेल."

अण्णांनी तोटीकडे पाहिलं.

"हं," ते म्हणाले.